विसंगत जबानी आणि मुलाचे मन

ज्या बालकास स्वतःच्या घरी, आणि तेही ज्यांच्या आधाराने जगावयाचे त्याच माणसांच्या हातून, वर्षानुवर्षे मारहाण, उपासमार अथवा लैंगिक अत्याचार सोसावे लागले, ते बाल कल्याण समितीपुढे हजर केले जाते तेव्हा त्याने घडलेली हकीकत क्रमवार सांगावी अशी पहिली अपेक्षा असते. आणि नेमकी तीच गोष्ट त्याच्याने होत नाही. ते तारखा चुकते, काल कबूल केलेले आज नाकारते, सांगता सांगता हसते किंवा अचानक मुके होते. आणि दप्तरात शेरा पडतो, 'जबानी विसंगत'. या विसंगतीवरून मूल खरे बोलते हे सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु तेवढ्यावरून ते खोटे ठरविणे हा मात्र घोर अन्याय आहे, कारण दीर्घकालीन आघाताने स्मृतीचीच वीण उसवलेली असू शकते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७६ साली चौचिला गावच्या २६ मुलांना त्यांच्या बससह पळवून जमिनीखाली पुरलेल्या वाहनात कोंडले गेले. सुटून आलेल्या या मुलांचा पुढे काही वर्षे अभ्यास करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांना आढळले की आघाताची छाया सर्वांवरच होती, तथापि घटना मात्र त्यांना तपशीलवार आठवत होती. एकदाच कोसळलेला आघात आणि पुनःपुन्हा होत राहिलेला आघात यांतील भेद त्यांनी १९९१ साली मांडला. दुसऱ्या प्रकारात मन बधिर होते, घडलेले नाकारते, आणि कोंडलेला संताप भलतीकडेच फुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणाने जटिल आघाताच्या विकारास स्वतंत्र स्थान देताना भावनांवरील ताबा सुटणे, स्वतःस नालायक मानणे आणि कोणाशीही विश्वासाचे नाते न टिकणे, ही तीन लक्षणे आघातविकाराच्या नेहमीच्या लक्षणांत मिळविली आहेत.

ही लक्षणे प्रश्नोत्तरांत सापडत नाहीत, ती दिनक्रमात दिसतात. उशीखाली पोळी लपविणारे, दाराची कडी वाजताच दचकणारे, बाराव्या वर्षीही अंथरूण ओले करणारे, नव्या ताईला पहिल्याच दिवशी बिलगून दुसऱ्या दिवशी तिला चावणारे मूल बालगृहातील गृहमातेस पुरते ठाऊक असते. पण तिची साक्ष कोणी घेत नाही, आणि मुलाच्या नावापुढे 'दांडगे', 'मठ्ठ' किंवा 'अतिचंचल' असे लिहिले जाते.

बाल न्याय अधिनियम २०१५ अन्वये सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत पुरी व्हावी, म्हणजे समितीस चार महिन्यांत अंतिम हुकूम देता येईल, अशी योजना आहे. मुलास कोठे ठेवावे हे ठरविण्यापुरती पंधरा दिवसांची मुदत योग्यच होय. परंतु त्याच्या मनाची परीक्षा त्याच मुदतीत उरकणे सर्वथा गैर आहे. ती पुढील महिन्यांत, एकाच समुपदेशकाने, खेळ, झोप, जेवण व शाळा पाहत, गृहमातेस व शिक्षकास विचारीत, सावकाश करावी, आणि प्रसंगाच्या वर्णनाला मूल आपण होऊन येईपर्यंत हात घालू नये. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा आणि मुलास साक्षीसाठी वारंवार न्यायालयात बोलावू नये असे बजावले आहे. पण न्यायालयाबाहेर पोलीस, डॉक्टर, समिती, अधीक्षक आणि समुपदेशक यांच्यापैकी प्रत्येकाने तीच कहाणी नव्याने वदवून घेण्यास आळा कोठे आहे? एकदा नीट नोंदलेले कथन पुढच्या प्रत्येकाने आधी वाचावे, एवढा नियम करण्यास खर्चही लागत नाही.

मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या किंवा सातपुड्यातील पावरी बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठीतील प्रश्नावली देऊन त्याच्या मौनाचे गुण मोजणे हेही थांबले पाहिजे. भय आणि लाज मातृभाषेतच उमटतात, म्हणून त्या भाषेचा जाणकार परीक्षेच्या वेळी हजर हवाच.

आणि ज्या घरात अत्याचार करणारा इसम अद्याप राहतो, तेथे मुलास सुट्टीसाठी पाठविण्याचे ठरत असेल, तर त्याच्या अहवालात 'अकारण भीती' हे शब्द येता कामा नयेत. त्या मुलाच्या निवासाचा हुकूम आधी बदलावा आणि परीक्षेची तारीख त्यानंतरची द्यावी.