बांध पाहायचा कोणी?



गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले. धरण आपल्या नांदगाव तालुक्यात पांझणला, पाण्याचा मोठा वाटा मात्र खाली जळगाव जिल्ह्याला. यावर आपल्या पारावर पुष्कळ बोलणे होते. पाणी किती, आवर्तन कधी, टेलला पोचले की नाही, सगळे तोंडपाठ. पण ज्या बांधाने ते पाणी धरून ठेवले तो कसा आहे, हे विचारणारा सभासद आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

मोठ्या धरणाचे एक बरे आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी व नंतर तपासणी बंधनकारक आहे, आणि धरण सुरक्षितता संघटनेचे कार्यालय नाशकातच आहे. खरी भीती लहान तलावांची. कायदा १५ मीटरवरील व काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबापांनी माती वाहून बांधलेले कितीतरी पाझर तलाव त्यात बसतच नाहीत.

लहान म्हणून निर्धास्त राहू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. मंत्रिमहोदयांनी दोष दिला तो खेकड्यांना! खेकडे, घुशी बांध पोखरतात हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. म्हणूनच तर बांध पाहावा लागतो. पायथ्याला झिरपणारे पाणी निवळ असले तर एकवेळ चालेल. गढूळ झाले की आतली माती निघाली असे समजावे. भरावावर बाभळी वाढू देऊ नयेत, मूळ कुजले की तिथूनच पाण्याला वाट. आणि सांडवा बुजता कामा नये. मातीचा भराव माथ्यावरून वाहणारे पाणी सोसत नाही. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मच्छू-२ वर तेच झाले आणि मोरवी शहर बुडाले.

कोणी म्हणेल, हे पाटबंधारे खात्याचे काम, आम्ही पाणीपट्टी भरतो. बरोबर आहे, जबाबदारी त्यांचीच. पण ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ ला खाणीच्या गाळाचा बांध फुटून २७० माणसे मेली, तेव्हा एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या खाण कंपन्या, गुंतवणूकदार व संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण संस्था एकत्र बसल्या आणि २०२० साली अशा बांधांसाठी एकच नियमावली ठरली. नफ्यावर चालणाऱ्या कंपन्यांना जमले, ते सहकाराला का जमू नये?

गाळप संपले की ट्रॅक्टर, डंपर मोकळे, रिकामे बारदान पडून. गिरणा खोऱ्यातल्या व शेजारच्या कारखान्यांनी, सहकारी असोत की खासगी, मिळून अभियंत्यांच्या देखरेखीखाली झुडपे काढावीत, सांडवे मोकळे करावेत. वाळूने भरलेली पोती ठेवावीत. चिटबॉय उसाची नोंद घ्यायला शिवारात जातोच, त्याने तलावाचीही घ्यावी. डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याची तळी शेजारच्या कारखान्याच्या माणसाने तपासावीत, कारण घरच्याला घरची गळती दिसत नाही. मे २०१८ मध्ये पंजाबात एका कारखान्याची मळी बियास नदीत गेली आणि मासे मरून वर आले.

वार्षिक सभेत उसाच्या दरावर तासन् तास जातात, जावेत. त्यातला अर्धा तास या विषयाला मिळावा व खर्चाची तरतूद तिथेच ठरावी, असे आमचे मत आहे. मृगाआधी पहिली फेरी व्हायची तर सभासदांनी आपल्या शिवारातल्या तलावाचे नाव, आणि पायथ्याचे पाणी निवळ आहे की गढूळ, एवढे गट कार्यालयात लिहून द्यावे.