गिलिटाच्या कुड्या

आमच्या राजुरीच्या आत्याला खोटा दागिना कधी सोसला नाही. लग्नकार्यात गिलिटाच्या कुड्या घातल्या, की संध्याकाळी कानाच्या पाळ्या लालभडक! आम्ही मुले हसायचो, “आत्याला सोन्याशिवाय चालत नाही!” ती बिचारी खोबरेल लावून गप्प बसे.

गेल्या दिवाळीआधी तिला भोवळ येऊ लागली. नाडी मिनिटाला 38. आळेफाट्यावरून गाडी करून तिला पुण्यास आणली. डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवायला हवा.

“ते यंत्र कशाचं असतं?” आत्याने विचारले. “मला गिलिट सोसत नाही. आत शिवल्यावर कुडीसारखं काढून ठेवता येईल का?”

मी ओशाळलो. डॉक्टर मात्र खुर्ची ओढून बसले. गिलिटात बहुधा निकेल असते. घामाने ते सुटते नि कातडी चिडते. पेसमेकरची डबी टायटॅनियमची, आणि ते न सोसणारी माणसे फारच विरळा. अशांसाठी डबीवर सोन्याचा मुलामाही दिलेला आहे. (आत्याचे डोळे इथे चमकले!) पण हृदयाचे भोक बुजवणाऱ्या कित्येक जाळ्यांच्या तारेत निम्म्याहून अधिक निकेलच असते. तेही बहुतेकांना बाधत नाही. तरी असा रोगी आधी सांगेल तर बरे. सवड असेल तर पाठीवर धातूंच्या क्षारांच्या पट्ट्या लावून 48 तासांनी कातडी पाहतात. टायटॅनियमच्या बाबतीत मात्र त्या पट्टीवर फारसे विसंबता येत नाही.

आत्याला सवड नव्हती. दुसऱ्याच दिवशी यंत्र बसले. कागदावर ठळक अक्षरांत लिहिले : निकेल सोसत नाही.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 1958 साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना लावला. त्याला धातूची डबीच नव्हती. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून राळेत ओतलेला तो गोळा! काही तासांतच बंद पडला. पण एकामागून एक यंत्रे बदलीत लार्सन 2001 पर्यंत, 86 वर्षे जगले. आत्याला ही हकिकत सांगितली, तर म्हणाली, “पॉलिशची डबी चालली असती रे मला.”

महिन्याभराने टाके लालसर दिसले. “गिलिट!” आत्या म्हणाली. डॉक्टरांनी आधी जंतूंची शंका फेडून घेतली. तीच अधिक धोक्याची. सुदैवाने काही नव्हते. लाली आपोआप गेली.

आता ती पहाटे गोठ्यात असते. वडिलांनी यंदाच्या ओवाळणीसाठी सोन्याच्या कुड्या करायला टाकल्या आहेत. हा अंक भाऊबीजेआधी राजुरीला पोहोचू नये, म्हणजे झाले.