विश्लेषण : डीजेच्या भिंतीपुढे कानात नेमकं काय बिघडतं?

गणेशोत्सव, दहीहंडीच्या दिवसांत डीजेच्या भिंतींवरून दरवर्षी वाद रंगतो. उत्साह विरुद्ध नियम, असं त्याचं स्वरूप असतं. कानाचं काय होतं, हा मुद्दा मात्र मागे पडतो. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजते, सकाळी थांबते आणि ‘काही झालं नाही’ असं वाटतं. ही समजूत धोक्याची का आहे?

आवाज मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?
हवेतली कंपनं कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागची तीन इवलीशी हाडं ती आतल्या कानातल्या गोगलगायीसारख्या नळीपर्यंत, म्हणजे कॉक्लिआपर्यंत नेतात. तिथल्या द्रवात लाटा उठतात आणि केसपेशींवरचे बारीक तंतू वाकतात. त्यातून तयार होणारा संदेश मेंदूकडे जातो. एका कानात अशा साधारण 15 हजार पेशी असतात.

इतर इंद्रियांपेक्षा कान वेगळा कसा?
डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. चहाने भाजलेली जीभ काही दिवसांत सावरते, कारण चवीच्या पेशी नव्याने तयार होत राहतात. वास ओळखणाऱ्या पेशींचंही तसंच. पक्ष्यांच्या कानातल्या केसपेशीसुद्धा पुन्हा उगवतात. माणसाच्या मात्र एकदा मेल्या की कायमच्या गेल्या.

शिट्टी थांबली म्हणजे कान बरा झाला का?
तसं नाही. थकलेल्या पेशी सावरतात, पण काही नुकसान मागे राहू शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांत ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड तुटलेले आढळले. अशा नुकसानीत सहसा आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात. ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजनं पुसट होतात. मग बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत.

नियम काय सांगतात?
2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणच्या लाउडस्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापुढे जाता कामा नये. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 10 ऐवजी 12 पर्यंत परवानगी देऊ शकतं. म्हणजे सवलत वेळेची आहे, कितीही मोठ्या आवाजाची नाही.

कान मात्र आवाज आणि वेळ दोन्हींचा हिशेब ठेवतो. दर 3 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतो. 100 डेसिबल जेमतेम 20 मिनिटं.

सर्वाधिक धोका कोणाला?
ज्यांना बाजूला होता येत नाही त्यांना : स्पीकरच्या गाडीवरचे कामगार, बंदोबस्तातले पोलीस, ढोल-ताशा वादक आणि बाबांच्या खांद्यावर बसलेलं लहान मूल. इअरप्लग, स्पीकरपासून अंतर आणि मधूनमधून विश्रांती, हे उपाय साधेच आहेत. शिट्टी थांबत नसेल किंवा अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांना दाखवावं. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. गेलेल्या पेशी परत आणत नाही.