सीमेपलीकडचा वर्ग आणि काजूची बी

वेगवेगळ्या देशांतील शाळकरी मुलांना एकमेकांशी जोडावे आणि हवामानबदल, युद्ध, स्थलांतर, व्यापार अशा जागतिक प्रश्नांचा अभ्यास त्यांनी मिळून करावा, ही कल्पना महाराष्ट्राला आता अनोळखी राहिलेली नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा त्यांच्या ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमाकडेही लोकांचे लक्ष गेले. भारत–पाकिस्तान, इस्रायल–पॅलेस्टाइन, इराक–इराण, अमेरिका–उत्तर कोरिया अशा बेबनावाच्या जोड्यांतील मुलांना सहा आठवडे एकमेकांचे ‘शांतिमित्र’ करण्याची त्याची पद्धत असून, पुरस्कारसंस्थेच्या माहितीनुसार तोवर आठ देशांतील 19,000 विद्यार्थी त्यात आले होते. हे एका वाडीतल्या शाळेतून घडले, याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. परंतु एखादी गोष्ट घडू शकते एवढे सिद्ध झाल्याने ती सर्वत्र कशी घडावी हे ठरत नाही, आणि खरा वाद तिथेच आहे.

या कल्पनेविरुद्धचा पूर्वपक्ष, म्हणजे खंडनाआधी प्रामाणिकपणे मांडावयाची प्रतिपक्षाची बाजू, दुबळा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नांदगाव हे कणकवली तालुक्यातले, मुंबई–गोवा महामार्ग आणि देवगड–निपाणी रस्ता यांच्या तिठ्यावरचे गाव उदाहरणादाखल घेतले, तर अशा गावांच्या आसपासच्या वाड्यांतील शाळांचा पट घटत चालला आहे, एकदोन शिक्षकांना साऱ्या इयत्ता सांभाळाव्या लागतात, आणि पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही हे ‘असर’सारखी सर्वेक्षणे देशभराविषयी वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. ज्या मुलाला धड मराठी परिच्छेद वाचता येत नाही, त्याला परदेशी मुलासमोर बसवून काय साधणार, असा हा प्रश्न आहे. आधी गाव, मग जिल्हा, मग देश आणि शेवटी जग, हाच शिक्षणाचा स्वाभाविक क्रम होय, असे त्यामागचे गृहीतक आहे.

हे गृहीतक टिकत नाही, कारण मुलाने जगाकडे जाण्याआधीच जग नांदगावात येऊन पोचलेले असते. गावामागच्या बागेत उभे असलेले काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते या किनाऱ्यावर आणले, 1990 मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाल्यावर कोकणच्या डोंगरउतारांवर त्याची लागवड झपाट्याने वाढली, आणि आज त्या झाडाच्या कच्च्या बीला गावात मिळणारा दर पश्चिम आफ्रिकेतून बंदरात उतरणाऱ्या बीवर अवलंबून राहतो. जे घरच्या ताटापर्यंत आलेले आहे त्याला ‘नंतर शिकवायचे’ म्हणणे म्हणजे क्रम पाळणे नव्हे, विषय टाळणे होय. वाचनाच्या आक्षेपाचे उत्तरही याच दिशेला सापडते. फ्रान्समधील खेड्यातले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1920 च्या दशकात वर्गात छोटा छापखाना आणला, मुलांनी स्वतःच्या गावाविषयी लिहिलेला मजकूर मुलांकडूनच छापवला आणि तो दूरच्या गावच्या शाळेशी अदलाबदलीने वाचला जाईल अशी योजना केली. वाचणारा कोणी आहे हे कळल्यावर लिहिण्याला कारण मिळते, हे त्यामागचे साधे तत्त्व होते.

तथापि पूर्वपक्षाचे खंडन झाले म्हणून कल्पनेच्या पुरस्कर्त्यांचे सारे म्हणणे मान्य होते असे नाही. त्यांच्या बहुतेक कार्यक्रमांचा गाभा एकच असतो: पडद्यावर दोन वर्ग समोरासमोर येतात, झेंडे, सण आणि खाद्यपदार्थ दाखवले जातात, इंग्रजी बोलणारी दोनचार मुले बोलतात, बाकीची हात हलवतात, आणि अखेरीस ‘आपण सारे सारखेच’ असा निष्कर्ष निघतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच दाखवून दिले होते की दोन गटांचा नुसता संपर्क पूर्वग्रह घटवीलच असे नाही. दोघांचा दर्जा समान असणे, उद्दिष्ट एक असणे, ते गाठण्यासाठी परस्पर सहकार्य होणे आणि संस्थेचे पाठबळ मिळणे, या चार गोष्टी असतील तर तो अधिक फलदायी ठरतो. श्रीमंत देशातील शाळा आणि जिल्हा परिषदेची शाळा यांच्या भेटीत पहिलीच अट लंगडी पडते आणि तिकडून वह्यापेन्सिली येऊ लागल्या की इकडची मुले दयेचा विषय होतात. शिवाय साम्य शोधण्यावरच भर दिला, तर हितसंबंधांचा झगडा, जो जागतिक प्रश्नांचा आत्माच असतो, वर्गाबाहेर राहतो.

म्हणून येथे मांडावयाचा पक्ष असा: मुलांना जोडावे ते राष्ट्रांच्या नावांनी नव्हे, दोन्हीकडे जगण्यात असलेल्या एकाच वस्तूच्या आधारे, आणि नांदगावच्या मुलांसाठी ती वस्तू काजूची बी आहे. तिचा दुसरा धागा आयव्हरी कोस्टच्या उत्तर भागात जातो. जमिनीची धूप थांबवण्यासाठी तिथे लावलेले हे झाड पुढे नगदी पीक झाले, आणि आज कच्च्या काजूबीच्या उत्पादनात तो देश जगात पहिला असून त्यातील बहुतेक बी व्हिएतनाम आणि भारत यांच्याकडे जाते. कोकणातील बागायतदार म्हणतो की या आयातीने आपला दर पडतो. कणकवली–सावंतवाडी पट्ट्यातील प्रक्रिया कारखानदार म्हणतो की स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, आयात थांबली तर कारखाना आणि त्यात गर सोलणाऱ्या बायांचे काम थांबेल. आणि आयव्हरी कोस्टचे सरकार म्हणते की कच्ची बी बाहेर पाठवण्याऐवजी देशातच फोडली जावी. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. एकाच वर्गात बागायतदाराचा मुलगा आणि कारखान्यात जाणाऱ्या बाईची मुलगी शेजारी बसत असतील, तर ‘जागतिक व्यापार’ हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधीच वाद सुरू होतो, आणि पलीकडच्या मुलाचे पत्र त्यात तिसरी बाजू आणते. ऑलपोर्ट यांची समान दर्जाची अटही येथे पुष्कळशी पुरी होते, कारण दोन्ही बाजूंना झाड, चीक, बोंड आणि व्यापाऱ्याचा काटा ठाऊक असतो.

व्यवहाराचा प्रश्न उरतो. नांदगावची शाळा सकाळी साडेदहाला भरते तेव्हा आयव्हरी कोस्टमधील आबिजान शहरात पहाटेचे पाच वाजलेले असतात (न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात त्या वेळी मध्यरात्र असते, याचा विचार पडद्यावरच्या भेटींचे उत्साही समर्थक क्वचितच करतात), म्हणून थेट संभाषण अपवादानेच व्हावे आणि मुख्य भर लेखी मजकूर, चित्रे व मोजमापे यांच्यावर राहावा. मोहर कधी आला, अवकाळी पाऊस केव्हा झाला, बी किती भरली, किलोला दर काय मिळाला, या नोंदी दोन्हीकडची मुले एकाच तक्त्यात ठेवू शकतात. मराठी आणि तिकडच्या शाळांतील फ्रेंच यांच्यातील भाषांतर यंत्राने करून शिक्षकाने तपासावे, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही बोलता येईल. मुलांची छायाचित्रे व पत्ते देवघेवीतून वगळावेत.

दर आणि आयातशुल्क हे मुलांचे विषय नव्हेत, असा शेवटचा आक्षेप येईल. जे मूल मार्च ते मे या हंगामात बी गोळा करते आणि घरी दराची बोलणी ऐकते, त्याच्याविषयी हा आक्षेप घेणारा त्या मुलाला ओळखत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा उल्लेख आहेच. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेने एखाद्या केंद्रातील शाळांपासून आरंभ करावा, केंद्रप्रमुखाने तक्ता ठरवावा, आणि काजूला मोहर येऊ लागतो त्या डिसेंबरातच पहिले पत्र रवाना व्हावे.