दुधी : चाखून मगच शिजवा

एका दावतीत प्रेषित मुहम्मद (स.) भांड्याच्या कडेने दुधीच्या फोडी शोधून खात असल्याचे हजरत अनस (रजि.) यांनी पाहिले. तेव्हापासून ही भाजी आपल्या दस्तरखानावर मानाची आहे. दात आणि पचन साथ देईनासे झाले, की मऊ शिजवलेला, कमी तेल-मिठाचा दुधी वडीलधाऱ्यांना सोसतो.

मात्र चिरताना बारीक तुकडा चाखून थुंकावा. कडू लागल्यास अख्खा दुधी टाकून द्यावा. शिजवूनही त्यातले विष जात नाही. असा रस पिऊन माणसे दगावली आहेत. म्हातारपणी चव मंदावते, म्हणून चाखण्याचे काम घरातल्या तरुणांनी करावे. रसानंतर उलट्या-जुलाब झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

अन्न टाकणे आपल्याला जड जाते. पण कडू दुधी टाकणे हा इस्राफ नव्हे, जिवाची राखण आहे.