शोधलेखाचा क्रमांक बरोबर, तरीही लेख का उघडत नाही?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना मिळावीत, हा उद्देश आहे. वर्गणी सरकार भरते. तरीही दुव्यावर क्लिक केल्यावर पैसे मागणारे पान समोर येऊ शकते. अशा वेळी घाईने पैसे भरू नका.

डीओआय म्हणजे काय?

डीओआय हा शोधलेखाचा कायमचा क्रमांक आहे. तो १० या आकड्याने आणि टिंबाने सुरू होतो. मध्ये तिरकी रेघ असते. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले तरी क्रमांक बदलत नाही. प्रकाशक नवा पत्ता नोंदवतो आणि 'डीओआय डॉट ऑर्ग' तुम्हाला तिथे पोहोचवते. म्हणून जुना दुवा बंद पडला असेल, तर डीओआय वापरून पाहा.

लेख असा शोधा

१. ब्राउझरमध्ये 'डीओआय डॉट ऑर्ग', तिरकी रेघ आणि पुढे पूर्ण क्रमांक इंग्रजी अक्षर-अंकांत लिहा.
२. 'डीओआय नॉट फाउंड' असे आले, तर क्रमांक तपासा. कॉपी करताना वाक्याचा शेवटचा पूर्णविराम सोबत येतो किंवा दोन ओळींत तुटलेला क्रमांक अर्धाच येतो.
३. उघडलेल्या पानावरील शीर्षक व लेखक जुळतात का, ते पाहा.

पैसे मागितले तर?

क्रमांक फक्त लेखाच्या पानापर्यंत नेतो. वाचणारा कोण, हे त्याला कळत नाही. ती ओळख संस्थेच्या नेटवर्कवरून किंवा लॉगिनवरून पटते. त्यामुळे वसतिगृहाबाहेर किंवा गावी मोबाइलवर लेख पाहणाऱ्या पात्र विद्यार्थ्यालाही किंमत दिसू शकते. पत्ता बरोबर असतो, प्रवेश बाकी असतो. आधी संस्थेच्या लॉगिनने प्रवेश करा. लॉगिन नसेल तर ग्रंथपालांकडे मागा. ते नियतकालिक योजनेच्या यादीत आहे का, हेही विचारा.

तुमची संस्था पात्र नसेल तर?

पहिल्या टप्प्यात खासगी महाविद्यालये नाहीत. तिथल्या विद्यार्थ्यांनी पानावर 'ओपन ॲक्सेस' लिहिले आहे का, ते पाहावे. असा लेख सर्वांना मोफत असतो. नसेल तर लेखकाला ईमेल करून प्रत मागता येते.

योजनेचा लाभ घरबसल्या मिळायचा, तर दुव्याइतकेच लॉगिनही प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले पाहिजे. ते मागणे हा तुमचा हक्क आहे.