पेन्शनचा कागद आणि मृत्युलेख

श्राद्धाच्या दिवशी पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारण्याचा प्रघात फार जुना आहे. त्यापलीकडचे चौथे नाव विचारले, तर बहुतेक घरांतून उत्तर मिळत नाही. काही कुळांनी आपले कुलवृत्तान्त छापून ठेवले आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतूनही यात्रेस येऊन गेलेल्या पूर्वजांच्या नोंदी सापडतात. परंतु ज्याच्या घरी लिहिणारे कोणी नव्हते आणि ज्याला यात्रेचा खर्च झेपत नव्हता, त्या शेतकऱ्याचा किंवा साध्या शिपायाचा माग काढावयाचा कोठे? इतिहासाच्या ग्रंथांत राजे आणि सेनापती नावानिशी भेटतात. शिपाई भेटतो तो संख्येने. इतके हजार पायदळ, इतके ठार, इतके जायबंदी.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळते. ते म्हणजे सरकारी दप्तरात धूळ खात पडलेला पेन्शनचा अर्ज. वंशाचा इतिहास लिहावा ह्या हेतूने तो कोणी लिहिलेला नसतो. म्हातारा शिपाई, अथवा त्याच्यामागे राहिलेली विधवा, सरकारच्या दारी आपल्या हक्काचे चार पैसे मागावयास गेलेली असते. पण कोणतेही सरकार पुराव्यावाचून पैसा देत नाही. तू कोण, कोठे जन्मलास, कोणत्या पलटणीत होतास, गोळी कोठे लागली, विवाह कधी झाला, मुले किती, हे सारे ते विचारते आणि शेजारी साक्षीला बोलावते. अशा रीतीने, ज्याच्या आयुष्याची चौकशी करण्याचे एरवी कोणाला कारणच पडले नसते, त्याचे सारे आयुष्य चौकशीच्या निमित्ताने कागदावर उतरते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा कागदांचा जो संग्रह आहे, तसा अन्यत्र क्वचितच असेल. तेथील स्वातंत्र्ययुद्ध १७८३ साली संपले. त्यानंतरचे पेन्शनचे आरंभीचे अर्ज १८०० सालच्या आगीत जळून गेले. म्हणून आज पाहावयास मिळतात ते मुख्यतः नंतरच्या काळातले. १८१८ च्या कायद्याने गरजू सैनिकांना पेन्शन मिळू लागले. परंतु गरजू कोण हे ठरविण्यासाठी १८२० साली सरकारने प्रत्येकाकडून मालमत्तेची यादी मागितली. ह्या यादीत एखादी गाय, काही भांडी, कुऱ्हाड आणि डोक्यावरचे कर्ज असे सारे उघडे करून दाखवावे लागे. पुढे १८३२ साली गरिबीची अट गेली आणि किमान सहा महिने लढलेल्या प्रत्येकाला अर्ज करता येऊ लागला. त्या वेळी सत्तरी-ऐंशीला टेकलेले म्हातारे न्यायालयात उभे राहून आपल्या तारुण्यातील लढायांची हकिकत सांगू लागले आणि कारकून ती लिहून घेऊ लागले. विधवांची अडचण निराळी होती. विवाहाचा दाखला अनेकींपाशी नसे. घरातील बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह आणि मृत्यू लिहून ठेवण्याची चाल तेथे होती. कित्येक विधवांनी ती पानेच फाडून अर्जाला जोडली. घरातील पवित्र ग्रंथाचे पान सरकारी कचेरीत पाठविताना त्या स्त्रियांना काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्या पानांवरून आज शेकडो कुटुंबांना आपल्या पूर्वजांच्या जन्मतिथी कळतात.

१८६१ ते १८६५ ह्या यादवी युद्धानंतर हा व्यवहार अवाढव्य वाढला. १८९३ च्या सुमारास पेन्शन घेणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या जवळ जाऊन पोहोचली होती. हा कारभार चालविण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये १८८७ साली लाल विटांची एक प्रचंड इमारत पूर्ण झाली. तिच्या चारी बाजूंनी कूच करणाऱ्या सैनिकांची सुमारे बाराशे फूट लांबीची शिल्पपट्टी आहे. भिंतीवरचे सैनिक निनावी आहेत. आतल्या कपाटांतल्या कागदांत मात्र प्रत्येकाला नाव होते.

ह्या कागदांचे मोल खऱ्या अर्थाने कळते ते तेथील कृष्णवर्णीय सैनिकांच्या बाबतीत. त्या युद्धात संघराज्याच्या लष्करात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांतील बहुसंख्य पूर्वी गुलाम होते. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली झाली. वय, लिंग आणि वर्ण एवढेच लिहिले गेले, नाव लिहिले गेले नाही. म्हणून आपले मूळ शोधू पाहणाऱ्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग १८७० च्या शिरगणतीपाशी येऊन थांबतो. त्याच्या मागे भिंत उभी असते. ह्या भिंतीला जी थोडी भगदाडे पडली आहेत, त्यांपैकी एक पेन्शनच्या कागदांनी पाडले आहे. गुलामीत झालेल्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, मग विधवेने ते सिद्ध करावयाचे कसे? त्यासाठी लग्नाला हजर असलेले, बाळंतपणाला धावून आलेले, एकाच मळ्यावर राबलेले लोक साक्षीला आले. मालक कोण होता, कोण कोणाची बहीण, कोणाला कोठे विकले, हे त्यांनी शपथेवर सांगितले. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांच्या तोंडचे बोल अशा रीतीने टिकले.

२ जून १८६३ रोजी दक्षिण कॅरोलायनात कॉम्बाही नदीकाठच्या भातशेतीच्या मळ्यांवर छापा घालून सातशेहून अधिक गुलामांना मुक्त करण्यात आले. त्या मोहिमेची वाट दाखविणाऱ्यांत हॅरिएट टबमन ही प्रसिद्ध स्त्री होती. इतिहासकार एडा फील्ड्स-ब्लॅक यांनी ह्या छाप्यात भाग घेतलेल्या आणि त्यातून सुटलेल्या माणसांची नावे व नाती पेन्शनच्या फायलींतून जुळविली. त्यांचा एक पूर्वजही त्या छाप्यातील सैनिकांत होता. ह्या संशोधनावरचा त्यांचा ग्रंथ २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी त्याला इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्या माणसांना मालकांच्या वह्यांत जनावरांच्या शेजारी किंमत लावून लिहिले जात होते, त्यांना नाव, आईबाप, सोयरे आणि शेजारी परत मिळाले.

खुद्द हॅरिएट टबमनची फाइलही बोधप्रद आहे. तिचा दुसरा पती नेल्सन डेव्हिस १८८८ साली वारला. पुढे १८९० च्या कायद्याखाली तिने विधवा म्हणून अर्ज केला, तेव्हा अडचण आली ती नावाची; कारण पती सैन्यात होता तो नेल्सन चार्ल्स ह्या नावाने. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे पटवून देण्यात वर्षे गेली आणि १८९५ साली महिना ८ डॉलर मंजूर झाले. तिने स्वतः युद्धात हेर आणि परिचारिका म्हणून काम केले होते. त्याचा विचार होऊन १८९९ साली ही रक्कम महिना २० डॉलर झाली. ज्या स्त्रीचे नाव देशभर गाजत होते, तिलाही आपण कोण हे कारकुनासमोर सिद्ध करावे लागले!

तिच्या वयाची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. मृत्यूच्या दाखल्यात तिचे जन्मवर्ष १८१५ आहे, समाधिशिलेवर १८२० आहे आणि तिने स्वतः सांगितलेले १८२५ आहे. अलीकडच्या चरित्रकारांचा कल १८२२ कडे आहे. त्याला आधार आहे तो तिच्या आईच्या बाळंतपणाबद्दल सुईणीला दिलेल्या पैशाच्या नोंदीचा. म्हणजे दाखला, शिला आणि खुद्द तिची साक्ष ह्या तिघांपेक्षा मालकाच्या हिशेबातील एक ओळ अधिक विश्वसनीय ठरली. संशोधन करणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शपथेवरचा कागद असला म्हणून तो खरा असतो असे नाही. अर्जदाराला पैशाची निकड असते. तो वय चढवून सांगतो, जखम वाढवून सांगतो. कधी खरोखरच विसरलेला असतो. शेजाऱ्याची साक्ष कधी मैत्रीपोटी असते, तर कधी वैरापोटी. १८८२ च्या एका कायद्याने तर विधवेचे वर्तन निष्कलंक आहे की नाही याची चौकशी करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या चौकशीत गावच्या चावडीवरच्या कुजबुजीलाही कागदावर स्थान मिळाले. ती वाचताना वाचणाऱ्याने थोडा संकोच बाळगावा हे बरे.

आता मृत्युलेखाचा विचार करू. पेन्शनच्या कागदाचा तो जोडीदार आहे, पण स्वभावाने त्याच्या अगदी उलट. पेन्शनचा अर्ज माणसाचे दैन्य सांगतो. मृत्युलेख त्याचे वैभव सांगतो. एक परक्या कारकुनाने विचारलेला असतो, दुसरा घरच्या माणसांनी वर्तमानपत्राला पुरविलेला असतो. मृताविषयी वाईट बोलू नये हा संकेत सर्व देशांत आहे, त्यामुळे मृत्युलेखातील प्रत्येक पुरुष प्रेमळ आणि सचोटीचा असतो. तरीही त्यात एक गोष्ट फार मोलाची असते, ती म्हणजे मागे राहिलेल्यांची यादी. लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली, नाव बदललेली मुलगी बहुधा ह्याच यादीत सापडते. आणि यादीत जो असावयास हवा होता पण नाही, तोही काही सांगून जातो. ज्या मुलाचे नाव गाळले, त्याच्याविषयी घरात काय घडले होते, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

उत्तर कॅरोलायनात एक सैनिक होऊन गेला. यादवी युद्धात तो प्रथम दक्षिणेच्या फौजेत होता. ती सोडून १८६४ साली तो उत्तरेच्या बाजूला मिळाला. उतारवयात त्याने एका तरुण स्त्रीशी दुसरे लग्न केले आणि १९३० साली त्याला एक मुलगी झाली. १९३८ साली तो वारला. त्याच्या थडग्यावर तो यादवी युद्धातील सैनिक होता एवढेच लिहिले. कोणत्या बाजूचा, हे लिहिले नाही. ज्या मुलखात पक्ष बदलणाऱ्याला क्षमा नव्हती, तेथे कुटुंबाने मौन पत्करले यात नवल नाही. परंतु दगडाने जे लपविले ते पेन्शनने उघड केले, कारण संघराज्याचे पेन्शन उत्तरेच्या सैनिकालाच मिळे. त्याच्या मुलीला ते महिना ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते आणि ३१ मे २०२० रोजी ती वारली तेव्हा बंद झाले. युद्ध संपून त्या वेळी १५५ वर्षे झाली होती.

ह्या माणसाला भेकड म्हणावे की विचारी म्हणावे? पूर्वजांचा शोध घेणारे पुष्कळजण शूर पुरुष सापडावा म्हणून निघतात. पळून गेलेला शिपाई, कर्जात बुडालेला म्हातारा किंवा खोटे वय सांगणारी विधवा सापडली की त्यांचा उत्साह मावळतो आणि तेवढे पान वगळून ते वंशवृक्ष काढतात. असा वंशवृक्ष न काढलेलाच बरा. दीड शतकापूर्वी आपल्या म्हाताऱ्या पूर्वजाला कारकुनासमोर जी लाज सोसावी लागली, तीच लपविण्यासाठी आज त्याच्या वंशजाने त्याचा कागद दडवावा, हा त्या पूर्वजावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय.

लढाईत पडलेल्याच्या घराची सोय लावण्याची रीत महाराष्ट्रालाही नवी नाही. मराठेशाहीत कामी आलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना जे वेतन किंवा जमीन मिळे, तिला बालपरवेशी म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमालांत अशा व्यवहारांचे कागद आहेत. पहिल्या महायुद्धात पंजाबातून गेलेल्या सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांची गाववार नोंदपुस्तके लाहोरच्या संग्रहालयात राहिली होती. त्यांच्या प्रती तयार होऊ लागल्यावर २०२१ पासून इंग्लंडमधील पंजाबी कुटुंबे आपल्या आजा-पणज्यांची नावे त्यांत शोधू लागली.

त्याच महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियातील कुट येथे वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार सोसून त्यांना शरण जावे लागले आणि त्यांतील कित्येकजण पुढे कैदेत मेले. ज्यांची थडगी सापडली नाहीत, अशा सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी लिहिली गेली. हा भेदभाव होता, हे युद्धसमाधींचा कारभार पाहणाऱ्या आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केले. सातारा, रत्नागिरी ह्या भागांतील काही गावांत त्या युद्धाच्या शिला अजून उभ्या आहेत. ह्या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. नावे तेथेही नाहीत. एखाद्या घरातील पत्र्याच्या पेटीत, पदकाच्या डबीखाली घडी घातलेल्या पेन्शनच्या कागदावर ती असण्याचा संभव आहे. त्या घडीवर कसर लागलेली असते, आणि घर झाडताना पेटी उघडणाऱ्याला बहुधा तो कागद कसला आहे हे माहीत नसते.